तापलेली गाडी आणि उतावळे हात

गेल्या मे महिन्यात गोव्यातील एक लग्न आटोपून आम्ही चोर्ला घाटाने बेळगावास परतत होतो. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. आत आम्ही पाच माणसे आणि पाचांच्या दुप्पट सामान. केरी मागे पडल्यावर चढ लागला आणि निम्म्या घाटात उष्णतेचा काटा लाल खुणेकडे झुकला. माथ्यावर पोहोचताच एका चहाच्या टपरीपाशी आम्ही गाडी उभी केली. पंधरा मिनिटांनी निघावयास बसलो, तो ती सुरू होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पेट घेत नसे. आमचे मेव्हणे स्वभावाने उतावळे. त्यांनी सेल्फ मारमारून बॅटरी निम्मी उतरविली आणि मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणास हात घातला. शेजारी भाजी पोहोचवून रिकामा परतणारा एक ट्रक उभा होता. त्याचा चालक ओरडला, "साहेब, हात काढा! आधी चहा घ्या, झाकण मागाहून बघू." हात निघाला, पण वाफेचा फटका मनगटावर बसावयाचा तो बसलाच.

ते झाकण म्हणजे हंडीवरची ताटली नव्हे. प्रेशर कुकरप्रमाणे ते आतील दाब धरून ठेवते. चौरस इंचास ७ पौंड दाब धरणारे झाकण असेल, तर पाणी सुमारे ११० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाही. झाकण फिरविताच दाब सुटतो आणि तेच पाणी एकदम उसळून अंगावर येते. वरची रबरी नळी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत थांबावे. मग जाड फडके घेऊन झाकण अर्धेच फिरवावे व फुसफुस थांबू द्यावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतण्याची घाई करू नये, लोखंड तडकते.

गाडी बंद केली की इंजिन निवू लागते, असा आमचा समज होता. पहिली काही मिनिटे नेमके उलटे घडते. पंखा आणि पाण्याचा पंप थांबतात, लोखंडातील सारी उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि पेट्रोलच्या नळीत व पंपात वाफ धरते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला. वाफेपुढे त्याचे काही चालत नाही. कधी कार्ब्युरेटरमधलेच पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. दोहोंतील फरक नाक सांगते. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ थोडाच मारावा. वास नसेल, तर वाफ अडली असे समजावे. आमच्या त्या ट्रकचालकाने पंपावर ओले फडके ठेवले, आम्हांस दहा मिनिटे गप्प बसविले, आणि गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली.

सेल्फच फिरत नसेल, तर गोष्ट वेगळी. दिवे मंद असल्यास बॅटरी वा तिची सैल तार पाहावी. दिवे लख्ख असूनही इंजिन जागचे हलत नसेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला असेल, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर हेड गॅस्केट जाऊन पाणी आत शिरल्याची शंका घ्यावी. अशा वेळी सेल्फ मारणे म्हणजे इंजिन आपल्या हाताने मोडणे होय. गाडी ओढून न्यावी.

पण सुरू झाली म्हणजे बरी झाली असे नव्हे. ती तापली का, हा प्रश्न उरतोच. बेळगावात एका गॅरेजवाल्याने न पाहताच सांगितले, इंजिन उतरवावे लागेल. त्या खर्चात एक दुभती म्हैस आली असती. गाडी विकण्याचेही घरात ठरत आले होते. शेवटी एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, रेडिएटरच्या जाळीतील लाल माती व किडे पाण्याने धुऊन काढले, आणि मग थर्मोस्टॅट सोडवून आमच्या हातावर ठेवला. "वहिनींना पातेल्यात उकळायला सांगा," म्हणाले. चांगला थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडू लागतो. आमचा खळखळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला. इंजिनातले पाणी रेडिएटरपर्यंत जातच नव्हते! काही कारागीर हे यंत्र काढूनच टाकतात. आम्हांस ते पटत नाही. त्यामुळे इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल अधिक खाते. आम्ही नवा बसविला.

मिस्त्रींनी आणखी एक सुचविले. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले, पद्मिनी त्याही आधी गेली. या गाड्यांच्या रबरी नळ्या आजच्या पेट्रोलसाठी केलेल्या नाहीत. २०२५ पासून पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबरास खाते. आमच्या नळीस बोटाने दाबताच भेगा दिसल्या. पेट्रोल ठिबकले असते, तर घाटात केवळ मनगटावर भागले नसते. ती नळी त्यांनी त्याच दिवशी बदलली. पंपाचा पडदा मात्र येत्या शनिवारी बदलावयाचा आहे, आणि मेव्हणे स्वतः येऊन उभे राहणार आहेत, हात खिशात घालून.