राग आहे, जायचं कुठे?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगाव-चांदवडच्या शेतकऱ्याने पुढच्या मे महिन्यात लोकसभेच्या मतदानात त्याचा हिशेब चुकता केला. दिंडोरीतून खुद्द केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, राज्यात सत्ताधारी महायुती १७ जागांवर अडली. मग सहाच महिन्यांत याच महाराष्ट्राने विधानसभेला त्याच युतीला २८८ पैकी २३० जागा कशा दिल्या? लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार हे उत्तर अर्धंच. (निवडणुकीत कबूल केलेल्या एकवीसशेचा पत्ता तर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पातही नव्हता.) उरलेलं अर्धं विरोधातल्या महाविकास आघाडीच्या घरात आहे. लोकसभेचा गुलाल अंगावरून उतरायच्या आत तिच्या तिन्ही पक्षांत मुख्यमंत्री कोणाचा यावर जुंपली. अर्ज भरायची मुदत संपत आली तरी जागावाटप मिटेना. कांद्याला, सोयाबीनला आपण नक्की काय देणार, हे सांगायला सवड कोणाला होती? चिडलेला माणूस मग हातात पडेल ते घेतो. त्याला लाचार म्हणणं हा शहाजोगपणा. निकाल काय लागला? विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाचे २९ आमदार लागतात, असा दंडक. उद्धव ठाकरेंचे आले २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांचे १०. खापर ईव्हीएमवर फोडा खुशाल, पण ही वेळ तिघांनी स्वतःच्या हाताने आणली.