उंची सोडली, आवाज मिळाला

पावसाळ्यात वीज चमकली, की मिडियम वेव्हवरच्या बातम्यांत खर्रर्र झालेच! (शेजारणीचा मिक्सरही तेच पुण्य जोडतो.) दोष निवेदकाचा नव्हे, बोलणे लहरीवर चढवण्याच्या रीतीचा. तिथे आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते, आणि विजेचा फटकाही नेमका त्या उंचीतच ढवळाढवळ करतो. बोलणे कोणते नि वीज कोणती, हे बिचाऱ्या रेडिओने ओळखावे कसे?

एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनियराने उंचीचा नादच सोडला. ती कायम ठेवून त्याने लहरीची सेकंदाला होणारी कंपने आवाजाप्रमाणे बदलली. मग उंचीत शिरलेली खरखर रेडिओने खुशाल छाटून टाकावी! हेच ते एफ. एम. कल्पना जुनीच, १९२२ साली जॉन कार्सन या जाणत्या गणितीने ती फायद्याची नाही असे ठरवलेही होते. अरुंद पट्ट्यापुरते ते खरेच होते. आर्मस्ट्राँगने पट्टाच ऐसपैस घेतला आणि १९३३ साली पेटंटे मिळवली.

मला चीड येते ती पुढच्या हकीकतीची. १९४५ साली अमेरिकन सरकारने एफ. एम.चा पट्टाच हलवला. लोकांनी हौसेने घेतलेले संच अडगळीत गेले. पेटंटांच्या खटल्यांत आर्मस्ट्राँगचा पैसा आटला, आणि जानेवारी १९५४ च्या अखेरीस त्याने जीव दिला. पत्नी मॅरियनबाई मात्र खमक्या! खटले त्यांनी नेटाने चालवले. शेवटचा त्यांच्या बाजूने निकालात निघाला १९६७ साली.