नियतकालिके आली, ग्रंथपाल कोठे आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० इलेक्ट्रॉनिक नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली व्हावीत, यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. विक्रेते मोजके आणि ग्राहक विखुरलेले असले, की बाजारात भाव विक्रेत्याचाच चालतो. तेव्हा देशाने एकच ग्राहक म्हणून प्रकाशकांपुढे उभे राहावे, हा विचार निःसंशय स्वागतार्ह होय.

परंतु खरेदी म्हणजे वापर नव्हे. योजनेचे लाभार्थी सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक आहेत. त्या हिशेबाने वर्षाला दरडोई खर्च सुमारे १,१०० रुपये पडतो. वाचक वाढले म्हणून हा खर्च वाढणार नाही. वाचक फिरकलेच नाहीत, तर मात्र तो सारा अक्कलखाती जमा होईल.

आणि वाचक आपोआप येत नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीतून शिकलेल्या, घराण्यात प्रथमच पदव्युत्तर वर्गात पोचलेल्या विद्यार्थ्यापुढे १३,००० नियतकालिके ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला समुद्र दाखवणे होय. शोध कोणत्या शब्दांनी घ्यावा, घरून प्रवेश कसा मिळवावा, बनावट नियतकालिक कसे ओळखावे, हे त्याला कोणी तरी शिकवावे लागते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्थान आहे, ते याचसाठी. यंत्र क्षणार्धात शेकडो लेख पुढे टाकते. त्यांतले विश्वसनीय कोणते, हा विवेक शिकवण्याचे काम जाणत्या ग्रंथपालाचेच राहते. विषयवार सूच्या करणे, संशोधकांच्या शंकांना संगणकावरून उत्तरे देणे, दूरस्थ मार्गदर्शन वर्ग घेणे, ही आजच्या ग्रंथपालाची कामे आहेत. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत हे पद रिक्त असते. जेथे भरलेले असते, तेथे ग्रंथपालाला पुस्तके मोजणारा कारकून समजले जाते.

शिवाय वर्गणी म्हणजे मालकी नव्हे; कराराला मुदत असते. म्हणूनच ग्रंथालयांनी स्वतःचे धनही निर्माण केले पाहिजे. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले अनेक जुने, दुर्मिळ ग्रंथ संगणकावर वाचनासाठी उपलब्ध केले आहेत. ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांसाठी परदेशी प्रकाशकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

वर्गणीच्या दर शंभर रुपयांमागे एक रुपया जरी ग्रंथपालांच्या नेमणुका व प्रशिक्षण यांसाठी वेगळा ठेवला, तरी तीन वर्षांत साठ कोटी रुपये उभे राहतात. नव्या करारासाठी प्रकाशकांशी घासाघीस करताना सरकारने हा रुपयाही हिशेबात धरावा. अन्यथा दरवाजा उघडा राहील, आणि आत जाण्याची वाट दाखवणारा मात्र कोणी नसेल.