बदामी की बिस्किटी?



१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत घरोघरी रंगाचे डबे उघडतात. यंदा आमच्याही एका खोलीला रंग द्यायचे ठरले. दुकानातल्या कार्डावर मी बदामी निवडला, सासूबाईंनी त्याच्या शेजारचाच बिस्किटी. आमचे हे म्हणाले, "दोन्ही एकच तर आहेत!" पण पुढची पाच-सहा वर्षे त्या भिंतींकडे पाहायचे असते आणि रंगाऱ्याची मजुरी दोनदा देणे आपल्याला परवडत नाही.

म्हणून दोन्हींचे लहान डबे आणले. खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यातल्या अंधाऱ्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले, दोन हात मारून. ओला रंग फसवतो, म्हणून रात्रभर वाळू दिला. मग शेजारी पांढरा कागद धरला, तेव्हा झाक कळली. बदामीत पिवळसर, बिस्किटीत करडी.

सकाळच्या उजेडात फारसा फरक नव्हता. पण आमची खिडकी चाळीच्या गॅलरीत उघडते, दिवसाही ट्यूब लावावी लागते. त्या पांढऱ्या उजेडात बिस्किटी अगदी मळकट दिसला. (पिवळा बल्ब असता तर कदाचित माझाच बदामी जास्त पिवळा वाटला असता.) मुलगी दहावीला आहे, रात्री त्याच ट्यूबखाली बसते. फिकट भिंत उजेड परत टाकते, तेवढाच तिच्या डोळ्यांना आधार.

सासूबाईंचे म्हणणेही खोटे नव्हते. स्टोव्हचा धूर, मुलांचे हात. बिस्किटीवर डाग कमी दिसतात. दोन दिवस घरात अबोलाच होता म्हणा ना.

भिंती घासायच्या म्हणून बाबासाहेबांची तसबीर उतरवली. तिच्यामागे जुन्या रंगाचा चौकोन तसाच राहिला होता, स्वच्छ बदामी! बाकीची भिंत धुराने बिस्किटी झाली होती. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "अगं, हा यांनी स्वतःच्या हाताने दिला होता," एवढेच बोलल्या आणि बिस्किटीचा डबा झाकून ठेवला.

स्टोव्हमागे मात्र त्यांचे ऐकले. तिथे तीन फुटांपर्यंत तपकिरी ऑइल पेंट दिला, पुसता येतो. बदामीशी बिस्किटी लावला असता तर रंग कमी पडल्यासारखे दिसले असते.

सगळा रंग एकदमच घ्या, नंतर आणलेल्या डब्याची झाक वेगळी निघू शकते. उरलेला आम्ही बाटलीत भरून, वर नंबर लिहून माळ्यावर ठेवला आहे.