बाटली कंपनीची, ओझे कचरावेचकाच्या पाठीवर

१ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदा वापरून फेकून देण्याच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. यादीत पेले, ताटल्या, चमचे, आइस्क्रीमच्या काड्या आल्या. पाण्याची व शीतपेयाची बाटली मात्र सुटली. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील किरकोळ दुकानदाराला दंडाचा धाक, आणि बाटल्यांचे ढीग बाजारात ओतणाऱ्या कंपनीवर केवळ ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’! ती प्रमाणपत्रे विकत घेऊनही पार पाडता येते. हा व्यवहार कंपनी आणि पुनर्प्रक्रिया करणारा कारखानदार यांच्यातच मिटतो. बाटली वेचणारा त्यात कोठेच नाही.

वास्तविक या बाटलीचे आणि टेरिकॉटच्या सदऱ्यातील कृत्रिम धाग्याचे कूळ एकच. दोन्ही पेट्रोलियमपासून निघणारे पॉलिएस्टर. १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफिल्ड व डिक्सन यांनी त्याचा धागा शोधला. बाटली आली ती १९७० नंतरच्या दशकात. आपल्याकडे १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सुती व कृत्रिम धाग्यांतील निर्बंध सैल केले. कृत्रिम धाग्याचे साम्राज्य वाढले, गिरणगाव मात्र उजाड झाले.

म्हणून पॉलिएस्टर हा कष्टकऱ्यांचा शत्रू ठरत नाही. स्वस्त, टिकाऊ कापड गरिबाला हवेच आहे. प्रश्न पदार्थाचा नसून मालकीचा आणि श्रमाच्या मोलाचा आहे.

वापरलेल्या बाटलीचा पुन्हा धागा होतो. तिचे तुकडे करून पाण्यात सोडले, की वेगळ्या प्लास्टिकचे झाकण तरंगते आणि बाटलीचे तुकडे बुडतात. ते धुऊन, वितळवून धागा ओढतात. त्यातून उशा, रजया, कापड तयार होते. या साऱ्या उद्योगाचा कच्चा माल उकिरड्यावरून जमा करणाऱ्या स्त्रीला बहुतेक शहरांत ना वेतन, ना विमा, ना हातमोजे. उलट ऑक्टोबर २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरील जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. असा बोजा शेवटी भावाच्या रूपाने तिच्याच माथी येतो.

जबलपूरजवळ कठौंदा येथे २०१६ साली कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प सुरू झाला. अशा भट्टीत बाटली गेली, तर वेचणाऱ्याची मजुरी आणि उद्याचा धागा दोन्ही एकदम जळतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघून महापालिकेच्या करारावर घरोघर कचरा गोळा करू लागली. संघटित झालेला कचरावेचक हक्क मिळवू शकतो, हे तिने दाखवून दिले.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. बाटलीवर परताव्याची अनामत हवी. उत्पादकाच्या जबाबदारीचा पैसा वेचणाऱ्याच्या निश्चित वेतनात उतरला पाहिजे. कचरा संकलनाचे काम ठेकेदाराऐवजी श्रमिकांच्या सहकारी संस्थांना मिळाले पाहिजे. प्रत्येक शहरातील कामगार संघटनांनी कचरावेचकांना आपल्या रांगेत सामावून घ्यावे. एरवी पर्यावरणाच्या नावाने नफा कंपनीचा आणि घाण गरिबाची, हेच चालू राहील.