ताईत नको, संघ हवा

परीक्षा जवळ आली की वसतिगृहातल्या आपल्या पोरांच्या मनगटांवर दोरे दिसू लागतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आईबापांची ही लेकरे! आम्ही त्यांची टिंगल करणार नाही. खेड्यातून पहिल्यांदाच शहरात आलेला, इंग्रजीतले अर्धेच समजणारा, शिष्यवृत्ती अडकल्याने खानावळीचे पैसे थकलेला मुलगा रात्री कशाचा तरी आधार शोधणारच. प्रश्न एवढाच, की तो आधार त्याला उभे करतो की आणखी वाकवतो?

किसा गोतमी मेलेले लेकरू घेऊन औषध मागायला आली, तेव्हा तथागतांनी तिला मंत्र दिला नाही की अंगारा दिला नाही. ज्या घरात कधी कुणी मेले नाही, त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार फिरली आणि दुःख आपल्या एकटीचे नाही, हे तिला कळले.

आपल्या विद्यार्थ्यांना हवी ती श्रद्धा हीच. खोलीचे दार लावून कुढण्यापेक्षा शेजारच्या खोलीचे दार ठोठवा. रविवारी चौघांनी एकत्र बसून त्रिशरण-पंचशील घ्या, अर्धा तास आनापान करा आणि मग मोकळेपणाने बोला. कुणाचा विषय राहिला? कुणाची फी थकली? कोण चार दिवस जेवायलाच आला नाही? त्रिशरणातले तिसरे शरण संघाचे आहे, ते उगाच नाही.

पण एक धोका ओळखला पाहिजे. ‘ध्यान करा, मन शांत ठेवा’ असे सांगून अन्याय गिळायला लावणारेही भेटतात. सगळा ताण मनात जन्मत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, याची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालाने वर्गापासून वसतिगृहापर्यंतचा भेदभाव उघड केला. त्यावर प्राणायाम हा इलाज कसा असेल? दुःखाचे कारण शोधा आणि ते दूर करा, ही बुद्धाची शिकवण. कारण व्यवस्थेत असेल तर अर्ज, तक्रार आणि संघटन हाही धम्माचरणाचाच भाग आहे.

हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याची आई राधिका आणि भाऊ राजा यांनी दादरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ही माऊली धम्माच्या सावलीत नुसती विसावली नाही. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तिच्या आई आबेदा तडवी यांच्यासोबत राधिकाताईंनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मागणी एकच, उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा. एक बौद्ध, एक मुस्लिम. श्रद्धा वेगळ्या, लढा एकच. श्रद्धेने बळ द्यायचे ते असे!

विद्यार्थी मित्रांनो, मन फारच खचले तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि समाजबांधवांनो, जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा शहरात शिकणाऱ्या पोरांच्या खानावळीसाठी बाजूला काढा. महिन्यातून एकदा त्यांच्या खोलीवर जाऊन या. विहार गावातच असतो असे थोडेच आहे? जिथे आपले पोर एकटे पडले आहे, तिथे विहार गेला पाहिजे.