शून्य की रिकामे?

शाळेत एक्सेल शिकवतात ते बहुधा एकाच तक्त्यावर. पाच काल्पनिक विद्यार्थी, त्यांचे मराठी-गणित-विज्ञानाचे काल्पनिक गुण, शेवटी बेरीज आणि टक्केवारी. मुले पुस्तकातले आकडे उतरवतात, सूत्र टाकतात, उत्तर बरोबर येते. त्या आकड्यांशी त्यांचे काही देणेघेणे नसते. यातून बटणे कळतात. माहिती गोळा करणे आणि लावणे हे मूळ काम मात्र राहूनच जाते.

त्याऐवजी जूनमध्ये शाळेच्या आवारात पाऊस मोजायला घ्यावा. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते. शाळा दहाची असेल तर दहाला मोजा, पण रोज त्याच वेळी. सपाट बुडाचे, वर-खाली सारख्याच रुंदीचे भांडे आणि एक पट्टी एवढे पुरते.

खरे शिक्षण पहिल्याच सोमवारी सुरू होते. रविवारी शाळा बंद, त्यामुळे भांड्यात दोन दिवसांचे पाणी. समजा, ते भरले ४६ मिलिमीटर. पुढे शनिवारपर्यंतच्या नोंदी ८, ०, २२, १४, १५. मग रविवारच्या सेलमध्ये काय लिहायचे? कोणी म्हणेल शून्य, कोणी म्हणेल रिकामा सोडू. रिकामा सोडला तर सरासरीचे सूत्र तो दिवस वगळते आणि उत्तर येते १७.५. शून्य लिहिले तर येते १५. रोजची सरासरी म्हणून १५ बरोबर आहे, कारण रविवारचे पाणी सोमवारच्या आकड्यात आलेलेच आहे. पण ते शून्य खोटे आहे! रविवार कोरडा गेला असे ते सांगते, आणि पावसाचे दिवस मोजायला गेलो की तिथे फसवते. शून्य म्हणजे मोजले आणि पाऊस नव्हता. रिकामे म्हणजे मोजलेच नाही. यावर मुलांना भांडू द्यावे, शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. शेवटी त्यांनाच सुचेल की एक शेऱ्याचा रकाना हवा आणि त्यात ‘सोमवारची नोंद दोन दिवसांची’ असे लिहायला हवे.

अशा खाचाखोचा बऱ्याच. आकड्याच्या सेलमध्येच ‘१२ मिमी’ असे लिहिले तर तो मजकूर ठरतो आणि बेरीज त्याला गुपचूप गाळते.

हे बालिश चोचले नव्हेत. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधाचा आधार सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांनी जगभर घेतला होता. थॉमस हर्नडन या अमेरिकी विद्यार्थ्याने त्यातले आकडे पडताळायला घेतले. ते जुळेनात, म्हणून त्याने मूळ तक्ता मागवला. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. (निबंधावर त्याचे इतरही आक्षेप होते.) मूळ तक्ता मागण्याची आणि मागणाऱ्याला तो देण्याची सवय शाळेतच लागायला हवी.

एकच संगणक चालू असेल तरी अडत नाही. रोजची नोंद वहीत, आठवड्यातून एकदा तक्त्यात. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिसचे कॅल्क फुकट मिळते. सप्टेंबरअखेर कोकणातल्या शाळेने आपला तक्ता माणदेशातल्या शाळेला धाडावा, त्यांचा आपण मागवावा. माणदेशातल्या तक्त्यात शून्येच जास्त असतील, आणि त्यातले प्रत्येक शून्य भांड्यात डोकावून लिहिलेले असले पाहिजे.